एक जूनची लेकरं

एका डोंगरावर एक वाडी होती. वाडीत एक शाळा होती आणि शाळेत एकच गुरुजी होते. त्यांचं नाव दामोदर शेलार. पण नावाने हाक मारणारं वाडीत कुणी नव्हतंच. बाकीचे शिक्षक दोन-चार वर्षं डोंगरावर काढत, खटपटी-लटपटी करत आणि सडकेवरची शाळा मिळवून मोकळे होत. शेलार गुरुजी एकतीस वर्षं तिथेच राहिले. शाळेला लागूनच त्यांचं घर. घरात बायको वत्सलाबाई आणि एकुलती एक मुलगी हर्षदा.

गुरुजी तसे भले गृहस्थ. मुलांना जीव लावायचे, पावसाळ्यात ओढा भरला की लहानग्यांना पाठुंगळीला घेऊन पलीकडे पोचवायचे. त्यांचं अक्षर तर असं, की शाळा तपासायला आलेला साहेब वही उघडून नुसता बघत बसायचा. आपल्या अक्षराचा गुरुजींना अभिमान होता. माणसाला अशा एखाद्या गोष्टीचा अभिमान असावा, त्याने कुणाचं बिघडत नाही. बिघडलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

वाडीतली माणसं म्हशी राखणारी. जून महिना आला की गुरुजी घरोघर जाऊन शाळेत घालण्याजोगी पोरं हुडकत. पोराचं नाव विचारायचं, बापाचं विचारायचं आणि मग जन्मतारीख विचारायची. इथे गाडी अडायची.

"ही कधी झाली?"

"कारवी फुलली हुती बगा त्या साली."

"महिना कुठला?"

"आता म्हयना कसा सांगावा गुर्जी? म्हस याली आन दुसऱ्या दिशी ही झाली."

मग गुरुजी पोराला समोर उभं करत. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं. हे शास्त्र सगळ्या महाराष्ट्रातल्या गुरुजींना ठाऊक होतं, त्यात काही वावगं नव्हतं. त्यावरून साल ठरायचं. तारीख मात्र सगळ्यांची एकच. शाळा जूनमध्ये उघडते, पोराला सहा पुरी हवीत, म्हणून एक जून. प्रवेशाच्या नोंदवहीत गुरुजी झोकात लिहीत, एक जून, एक जून, एक जून. एकतीस वर्षांत असे शंभरावर एक जून त्यांनी लिहिले. खुद्द गुरुजींची तारीखही एक जूनच होती. ती त्यांच्या गुरुजींनी लिहिलेली.

आणि नोंदवहीतली तारीख म्हणजे काय थट्टा नाही. ती तिथून शाळेच्या दाखल्यावर जाते, दाखल्यावरून दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते आणि मग माणूस मरेपर्यंत त्याच्या मागे चालते. गुरुजींना हे कळत होतं. पण कळत असलं तरी जून महिन्यात कामं पुष्कळ असतात.

यातून वाडीत एक गंमतीची रीत पडली होती. एक जूनला सगळी पोरं अंघोळ करून गुरुजींच्या दारात यायची. वाडीचा सामाईक वाढदिवसच तो! गुरुजी ओसरीवर बसत. शेजारी परातभर गूळ-शेंगदाणे. पोरं एकेक करून पाया पडायची आणि मूठभर खाऊ घेऊन पळायची. शाळा सोडून गेलेली, मिसरूड फुटलेली, लेकुरवाळी झालेलीही त्या दिवशी वाट वाकडी करून यायची. "आईबापानं जन्म दिला, तारीख गुर्जींनी दिली," असं वाडीत म्हणत. गुरुजींना त्या दिवशी फार बरं वाटायचं.

सगुणा कोकरे ही त्यांतलीच एक. तिचा बाप धोंडू कोकरे पोरीला घेऊन शाळेत आला, सोबत तिची आईही होती. गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यावर सगुणाच्या आईने एकदम नेमकं उत्तर दिलं.

"बेंदराच्या आदल्या दिशी झाली गुर्जी. मी बैलाच्या शिंगास्नी रंग लावीत हुते. तितंच पोटात कळ आली."

आषाढातला बेंदूर कुठल्या साली कुठल्या तारखेला पडला, हे जुन्या पंचांगात सापडतं. पंचांग गुरुजींच्या फळीवरच होतं. काढून बघायला पाव तासही लागला नसता. पण तोवर वहीत सात एक जून लिहून झाले होते आणि लेखणी हातात होती. गुरुजींनी आठवा लिहिला.

त्याच दिवशी, त्याच पानावर, नववं नाव हर्षदाचं होतं. तिची जन्मतारीख मात्र गुरुजींना पक्की ठाऊक होती. नऊ जानेवारी. हर्षदा आजोळी झाली होती आणि तिच्या आजोबांनी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदही केली होती.

गुरुजी लेखणी धरून क्षणभर थांबले. उद्या पोरगी शिकेल, आपल्यासारखीच सरकारी शिक्षिका होईल. वय कागदावर जितकं कमी, तितकी नोकरी पुढे जास्त. सगळेच करतात, आपण केलं तर काय आभाळ कोसळणार आहे? त्यांनी नऊ डिसेंबर लिहिलं. एका ओळीत पोरीचे अकरा महिने कमी झाले. कागदावर तिला सहा पुरी होत नव्हती, पण प्रवेश देणारे तेच होते.

संध्याकाळी त्यांनी ते बायकोला हसत हसत सांगितलं. वत्सलाबाई हसल्या नाहीत.

"पोरगी माझी जानेवारीतच झाली," त्या म्हणाल्या. "कळा मी सोसल्यात."

पुढे घरात वाढदिवस डिसेंबरात व्हायचा. पण दर वर्षी नऊ जानेवारीला वत्सलाबाई काही न बोलता शिरा करायच्या. हर्षदा विचारायची, आज कशाचा गं शिरा? वत्सलाबाई म्हणायच्या, करावासा वाटला म्हणून केला. गुरुजी मान खाली घालून खायचे.

सगुणा आणि हर्षदा एका पाटीवर शिकल्या म्हटलं तरी चालेल. चौथीपर्यंत गुरुजींच्या हाताखाली. मग डोंगर उतरून खालच्या गावच्या हायस्कुलात, जायला दीड तास, यायला दोन. वाटेत सगुणा हर्षदाची वही घ्यायची आणि हर्षदा सगुणाच्या डब्यातली भाकरी. पुढे दोघींनी तालुक्याला राहून शिक्षिकेची पदविका घेतली. त्यानंतर सगुणाचा बाप कड्यावरून पडून वर्षभर अंथरुणाला खिळला आणि सगुणा तीन वर्षं म्हशींमागे गेली. हर्षदाने तेवढ्यात दोनदा शिक्षक भरतीची परीक्षा दिली. दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. दुसऱ्यांदा हुकली तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

मग गुरुजी निवृत्त झाले. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कारण तारीख एक जून. त्यांची जागा रिकामी झाली आणि योगायोग असा, की त्याच वर्षी भरती निघाली. तालुक्यात सात जागा होत्या. त्यांतली एक डोंगरावरची. पुढची भरती कधी निघेल हे देवालाही सांगता आलं नसतं. मागे एकदा तर दोन भरत्यांमध्ये सहा वर्षं गेली होती.

सगुणा आणि हर्षदा दोघींनी अर्ज भरले. दोघी एकाच गाडीने परीक्षेला गेल्या.

गणपती उठले त्या आठवड्यात यादी लागली. सगुणाने ती खालच्या गावात बघितली आणि तशीच डोंगर चढून आली. आपल्या घरी न जाता आधी गुरुजींच्या दारात आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. ती पाया पडली, तेव्हा तिला इतकी धाप लागली होती की बोलता येईना.

"सातवी आले गुरुजी. वरच्या सहा जणांनी सडकेवरच्या शाळा मागितल्यात. म्हणजे आपलीच शाळा मला. तुमच्या खुर्चीवर बसणार मी आता."

गुरुजींना भरून आलं. खोटं कशाला सांगायचं, खरंच भरून आलं. म्हशीच्या शेणात पाय भरलेली ही पोरगी त्यांनी हाताला धरून अक्षराला लावली होती.

"गुण किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे बेचाळीस."

गुरुजींच्या हातातला पेढा हातातच राहिला. सकाळी हर्षदाने रडत रडत सांगितलेला आकडाही एकशे बेचाळीसच होता. ती आठवी होती.

सगुणा गेल्यावर गुरुजींनी चष्मा लावला आणि हर्षदाच्या मोबाइलवर यादी उघडली. सातवं नाव, आठवं नाव. गुण तेच. पुढे जन्मतारखेचा रकाना होता. सगुणा, एक जून. हर्षदा, त्याच सालातला नऊ डिसेंबर. खाली बारीक अक्षरात नियम दिला होता. गुण समान असल्यास वयाने मोठा उमेदवार वर घ्यावा.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच राहिले.

हर्षदा सगुणापेक्षा सहा महिन्यांनी मोठी होती. जानेवारीतली ही, बेंदरातली ती. खऱ्या तारखा लागल्या असत्या तर आज हर्षदा सातवी असती. तिला मागे कुणी ढकललं होतं ते गुरुजींना दिसत होतं. ते अक्षर त्यांचंच होतं.

माणसाचं मन मोठं लबाड असतं. अशा वेळी गुरुजींनी स्वतःला दोन थोबाडीत मारून घ्यायला हव्या होत्या. त्याऐवजी रात्रंदिवस त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरीच ओळ नाचायला लागली. सगुणा, एक जून. ती तरी कुठे खरी? तीही मीच लिहिली. तिला कुठला कागद नाही, कुठली नोंद नाही, दवाखाना नाही. माझ्या पोरीच्या डोक्यावर ती बसली आहे ती माझ्या एका फटकाऱ्यामुळे. तीन दिवसांत त्यांना सगुणाचा राग यायला लागला. तिने काय केलं होतं? काही नाही. पण आला.

यादीवर हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत होती. चौथ्या दिवशी गुरुजी अर्ज लिहायला बसले. सगुणाची खरी तारीख बेंदराची आहे असं लिहून उपयोग नव्हता. बेंदूरसुद्धा डिसेंबराच्या आधीच येतो, म्हणजे कागदावर ती मोठीच राहते. म्हणून त्यांनी बेंदराचं नावच काढलं नाही. एवढंच लिहिलं, की सदर उमेदवाराच्या जन्मतारखेस कसलाही पुरावा नाही, ती अंदाजे लिहिलेली आहे, सबब तिचे नाव यादीतून वगळावे. अर्ज सुरेख उतरला. समास सोडून, ओळी सरळ.

हरकत उमेदवारानेच घ्यायची असते. त्यांनी कागद हर्षदापुढे ठेवला.

हर्षदाने तो वाचला. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, सगुणा आहे ती."

"नियम नियम असतो. मी काही खोटं लिहिलंय का त्यात?"

"पण तारीख तुम्हीच लिहिली होती ना?"

"म्हणून तर मला ठाऊक आहे."

हर्षदाने कागद पुन्हा वाचला. मग तिने विचारलं, "माझी तरी खरी आहे ना?"

"तुझी मी माझ्या हाताने लिहिली आहे," गुरुजी म्हणाले.

चुलीपाशी वत्सलाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"हर्षू, सही करू नकोस," त्या म्हणाल्या. "माझं ऐक. हा कागद चुलीत घाल."

"का गं आई?"

वत्सलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. गुरुजींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं. पोळी तव्यावर करपत होती, त्या आत गेल्या. त्या वेळी त्या बोलल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. हे त्यांनी स्वतःच नंतर अनेकदा म्हटलं.

हर्षदाला दोन हुकलेल्या परीक्षा आठवल्या. पुढची सहा वर्षं दिसली. तिने सही केली.

जिल्ह्याच्या कार्यालयात सुनावणी लागली. एका बाजूला सगुणा आणि तिचा बाप, दुसऱ्या बाजूला गुरुजी आणि हर्षदा. मध्ये टेबलामागे शिक्षणाधिकारी बाई. त्यांच्यापुढे शाळेची जुनी नोंदवही उघडी होती. धोंडू कोकरे काठी टेकून उभा होता. गुरुजी दिसताच त्याने सवयीने हात जोडले. हरकत कुणी घेतली ते त्याला अजून नीट कळलं नव्हतं. गुरुजी आपल्याच बाजूने साक्षीला आलेत, असं तो धरून चालला होता.

बाईंनी अर्ज वाचून दाखवला. सगुणाने हर्षदाकडे बघितलं. हर्षदाने खिडकीकडे.

"ही तारीख तुम्ही लिहिलीत?" बाईंनी गुरुजींना विचारलं.

"हो."

"कशावरून?"

"अंदाजाने. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून."

"या पानावर आठ एक जून आहेत. पुढच्या पानावर अकरा. हे सगळे अंदाजाने?"

या दिशेने गुरुजींनी विचारच केला नव्हता.

"त्या वेळी तशी रीतच होती, मॅडम."

"तुमची स्वतःची तारीख?"

"एक जून," गुरुजी हळूच म्हणाले. बाजूला बसलेला कारकून हसला आणि बाईंनी बघताच गप्प झाला.

बाईंचं बोट पानावरून खाली आलं. नववी ओळ. "या पानावर एकच तारीख वेगळी आहे. नऊ डिसेंबर. ही तुमची मुलगी. हिची अंदाजाने नाही?"

"नाही. हिची पक्की आहे."

"जन्म कुठे झाला?"

गुरुजींच्या तोंडून आजोळच्या गावाचं नाव सुटून गेलं. सुटलं ते सुटलं.

बाईंनी मान डोलावली. "हरकत तारखेच्या पुराव्याबद्दल आहे. तेव्हा पुरावा दोघींचा बघू. सगुणाचा नसेल. तुमचा तरी असेल." त्यांनी कारकुनाला त्या ग्रामपंचायतीतून जन्मनोंदीचा उतारा मागवायला सांगितलं आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात धोंडू कोकरे गुरुजींपाशी आला. त्याला आता सगळं कळलं होतं. तो ओरडला नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

"गुर्जी, तारीक आमी न्हवती मागितली. आमी बेंदूर सांगितला हुता," एवढंच तो म्हणाला.

सगुणा बापाचा हात धरून जिना उतरून गेली.

ते आठ दिवस गुरुजींनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. सासऱ्याच्या गावच्या ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर पुरात वाहून गेलं असेल, वाळवीने खाल्लं असेल, अशी आशा ते करत होते. एका शिक्षकाने दप्तर वाळवीने खावं म्हणून देवाला हात जोडावेत, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. दप्तर शाबूत होतं. आजोबांची सहीसुद्धा स्पष्ट होती.

बाईंनी उतारा टेबलावर ठेवला आणि हर्षदाकडे सरकवला.

हर्षदाने वाचला. नऊ जानेवारी. तिने पुन्हा वाचला. मग तिला काय आठवलं असेल? शिराच आठवला. दर वर्षीचा, विनाकारण केलेला.

"बाबा," ती म्हणाली. तिने उतारा त्यांच्यापुढे सरकवला.

"गुरुजी," शिक्षणाधिकारी बाई म्हणाल्या, "तुम्ही मुलीची खरी तारीख लिहिली असती, तर समान गुणांत ती वयाने मोठी ठरून आज सातवी असती. ही हरकत घ्यायची गरजच पडली नसती."

सगुणा भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी दोघींच्या नावांपुढे लाल शाईने काहीतरी लिहिलं.

"एकीच्या तारखेला पुरावा नाही, दुसरीचा पुरावा तारखेच्या विरुद्ध आहे. हरकत आलीच नसती तर मी ही पानं उघडली नसती. आता उघडली आहेत, तर मला मिटता येत नाहीत. दोन्ही नावं वगळावी लागतील."

"मॅडम, सगुणाचं राहू दे," हर्षदा एकदम म्हणाली. "मी हरकत मागे घेते. आत्ता घेते."

"उशीर झाला, बाळ," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा नव्हता, पण उपयोगाचाही नव्हता.

गुरुजींनी उठून सगुणापुढे हात जोडले. सगुणा त्या हातांकडे बघत राहिली. याच हातांनी तिचं बोट धरून पाटीवर पहिला श्री गिरवून घेतला होता.

"मी पेढे आधी तुमच्या घरी आणले होते, गुरुजी," ती म्हणाली. "आईला नंतर दिले."

नऊ नंबरवरच्या उमेदवाराला डोंगरावरची शाळा मिळाली. तो दिवाळीनंतर आला. चढ चढून आल्यावर तो शाळेच्या पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि वरून खालची सडक किती लांब दिसते ते त्याने बघून घेतलं. तीन आठवड्यांत त्याने वैद्यकीय रजा टाकली आणि संक्रांतीपर्यंत खालच्या शाळेत व्यवस्था लावून घेतली. डोंगरावरच्या शाळेला कुलूप लागलं. पटावर अठरा मुलं होती. त्यांतली आठ दीड तास चालून खालच्या शाळेत जाऊ लागली. दहा जणांची शाळा सुटली, आणि त्या दहांत आठ मुली होत्या.

हर्षदाने घरात बोलणं टाकलं. नऊ जानेवारी आली तेव्हा वत्सलाबाईंनी शिरा केला आणि या वेळी म्हणाल्या, "तुझा वाढदिवस आहे." हर्षदाने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला तिला हुंदका आला. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि ती आजोळी निघून गेली. जाताना आईला नमस्कार केला. बाबांना केला नाही.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण उघडलेली वही मिटली गेली नव्हती. बाईंनी नियमाप्रमाणे वर कळवलं आणि वरून नियमाप्रमाणे पत्रं निघाली. वाडीतला एक मुलगा पोलिसात होता, एक एसटीत कंडक्टर होता, एक मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. सगळे गुरुजींच्या हाताखालचे, सगळे एक जूनचे. प्रत्येकाला पत्र आलं, जन्मतारखेचा पुरावा सादर करा. पुरावा कुणापाशी होता? कुणाची कारवी फुललेली, कुणाची म्हैस व्यालेली. नर्सची बढती अडली. कंडक्टर महिनाभर हेलपाटे घालत राहिला. पोलिसातला मुलगा रजेवर वाडीत आला, तेव्हा गुरुजी ओसरीवरच बसले होते. तो समोरून मान वळवून गेला.

पुढच्या एक जूनला गुरुजी पहाटेच उठले. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. वत्सलाबाई नको म्हणत असताना त्यांनी परातीत गूळ-शेंगदाणे घातले आणि ओसरीवर जाऊन बसले. समोर शाळेचं दार होतं. कुलपावर गंज चढायला लागला होता.

सकाळ गेली. ऊन पायरीवर आलं, मग ओसरीवर आलं. गुळाला मुंग्या लागल्या. गुरुजी एकेक मुंगी बोटाने बाजूला सारत बसले. कुणी आलं नाही.

दुपारी सगुणा म्हशी घेऊन त्या वाटेने चालली होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात काठी. गुरुजी अर्धवट उठले. परात दोन्ही हातांनी धरून पुढे केली.

"सगुणा, ये गं. तू तरी ये. आज एक जून आहे."

सगुणा थांबली. तिने परातीकडे बघितलं, मग गुरुजींकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर गुरुजींना थोडं बरं वाटलं असतं.

"माझा वाढदिवस आज नाही, गुरुजी," ती म्हणाली. "बेंदराला अजून महिना आहे."

तिने म्हशींना हाळी दिली आणि ती डोंगराकडे निघून गेली. गुरुजी परात धरून उभेच राहिले.

तात्पर्य: आपल्या लेकरासाठी केलेली लबाडी झाकायला जो दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवतो, तो दोन्ही लेकरांना बुडवतो, आणि आपण निष्काळजीपणे लिहिलेल्या एका ओळीवर कुणाचं तरी अख्खं आयुष्य उभं असतं, हे लिहिणाऱ्याने लेखणी उचलतानाच लक्षात ठेवावं.